बिशपांचा दुभाष्या कासोंडे

आफ्रिकेतल्या बेंबा मुलखातल्या मिशनमध्ये कासोंडे वीस वर्षं बिशपांचा दुभाष्या होता. त्या फ्रेंच म्हाताऱ्याला बेंबा भाषा कधी जमलीच नाही. पहिलं महायुद्ध पेटलं आणि फौजेची ओझी वाहायला इंग्रज सरकारला माणसं हवी झाली. बिशप वेदीवरून म्हणाले, "जा, देव सांभाळेल." कासोंडेनं ते सांगितलं आणि लोकांना पटावं म्हणून पदरचं जोडलं, "पेरणीच्या आत परत याल." एकेचाळीस जण गेले. ताप आणि उपासमारीतून सातच परतले.

युद्ध संपल्यावर एका रविवारी बिशप सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसले. "मी चुकलो. मला क्षमा करा." कासोंडेनं शब्दन् शब्द सांगितला. तशी चिलुफ्या नावाची म्हातारी उठली. तिचे दोन्ही मुलगे परतले नव्हते.

"पेरणीच्या आत येतील, असं बिशपच म्हणाले होते ना रे?"

कासोंडे म्हणाला, "नाही, मावशी. ते माझं होतं."

ती बाहेर पडली. तिच्यामागून बाकीच्या बायकाही निघाल्या.

"काय म्हणाली ती?" बिशपांनी विचारलं.

"दुसरा दुभाष्या बघा, बिशपसाहेब," कासोंडे म्हणाला.

पुढे मरेपर्यंत तो चर्चमध्ये अगदी मागे, दाराशी बसायचा. त्याच्या शेजारी कुणी बसत नसे.