खांबापाशी थांबायचं

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नदीकाठच्या सायकल ट्रॅकवरून जाऊन मेथी आणली. मी चालवत होतो, सुमन मागे कॅरियरवर, जुन्या लुगड्याच्या घडीवर एका अंगाला बसलेली. मोटारसायकली शिरू नयेत म्हणून ट्रॅकच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब रोवलेत. एकटा माणूस सुटतो, पण मागे बसलेल्या बाईचे गुडघे अडकतात. म्हणून ती दरवेळी उतरायची, निऱ्या सावरायची आणि म्हणायची, "अहो, खांब रोवणाऱ्यानं बायकोला कधी सायकलवर फिरवलेलं दिसत नाही!"

त्याच आठवड्यात ती गेली.

मी फार शिकलेलो नाही, पण एवढं कळतं. ट्रॅक झकास आहे, फक्त आखताना कागदावर सायकलवर एकच माणूस काढला असणार. आता मीही तसाच एकटा. सायकल खांबांमधून सरळ निघून जाते, आणि तेच सोसत नाही.

काल सवयीनं तिथं पाय टेकला. मागून एक हेल्मेटवाला ओरडला, "आजोबा, चला की! जागा आहे."

"थांब जरा. बायको उतरतेय."

त्यानं रिकाम्या कॅरियरकडे बघितलं आणि गुमान पाय टेकला.

घरी येताना वाटलं, चुकलंच आपलं. मग वाटलं, चुकलं कसलं?

आज सकाळी लुगड्याची घडी झटकून पुन्हा कॅरियरला बांधली, मेथी आणायला निघालो, आणि तिला निऱ्या सावरायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ खांबापाशी थांबलो.