गोलकीपरची नेमणूक

मुंबईच्या कॉलेजात शिकवताना आमचे विज्ञानाचे प्राध्यापक मला 'आपण' म्हणत. मे महिन्यात रत्नागिरीला घरी आले की शेजारच्या नात्याने 'गो' म्हणत. दर सुट्टीत पडवीत बसून ते सरल्या वर्षाची वही मोठ्याने वाचत आणि तिच्यातले एकही वाक्य गाळत नसत. यंदा ऐकायला मी एकटीच होते.

"छंद: भाट्याच्या किनाऱ्यावर शिंपल्यांच्या नऊ जाती मिळाल्या. फुटबॉल: माझ्या देखरेखीखाली कॉलेजच्या संघाने चषक जिंकला. काम: प्रयोगशाळेत प्रयोग शिकवणाऱ्या डेमॉन्स्ट्रेटरच्या जागेसाठी सर्वांत लायक अर्ज एका मुलीचा होता. संघाला गोलकीपर हवा होता, म्हणून दुसऱ्याची शिफारस केली. हे अयोग्य झाले."

ती मुलगी मीच, हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांचा आवाज हलला नाही. मी हातातले कोकमाचे सरबत खाली ठेवले.

"गोलकीपर शिकवतो कसा?" मी विचारले.

"तीन थर्मामीटर फोडलेन मेल्यानं. जूनमध्ये आणखी एक जागा निघत्ये. अर्ज कर गो."

"यंदा संघाला काय हवे आहे?"

त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. खोटे बोलणे त्यांना कधीच जमले नाही.

"लेफ्ट आउटला खेळणारा."

मी त्यांच्याकडूनच एक कोरा कागद मागून घेतला आणि त्यांच्यासमोर जूनच्या जागेसाठी अर्ज लिहायला बसले.