तालमीत रोज येतं कोण?

सोनं-चांदी गाळायला गाव सोडून पांगलेल्या गलाईवाल्या पोरांनो, आज दुकानात बसून आपल्या गावच्या नगरपालिकेची सभा मोबाईलवर लाईव्ह बघितली. यंदा पालिकेकडं पैसा कमी हाय, म्हणून बाग, पोहायचा तलाव, तालीम, सगळ्याची चौकशी चालली होती.

आपल्या गल्लीतल्या नगरसेविका आक्का उभ्या राहिल्या आणि मुख्याधिकारी साहेबांना म्हणल्या, "तालमीच्या मातीला तेल-हळद घालता, वस्तादाला पगार देता. पण रोज येतं कोण?"

साहेब म्हणाले, "रोज कुणीच नाही. जत्रेच्या आठवड्यात तेवढी गर्दी असते."

मग ठरलं, तालमीला कुलूप लावायचं का ते पुढच्या सभेत बघू.

माझं डोकंच सटकलं. सभा संपल्या संपल्या फोन लावला. "आवं आक्का, तुमीच आपली तालीम बंद पाडताय व्हय?"

"मी कशाला बंद पाडू रं? एक नाव दे की. ह्यो रोज येतोय म्हणून सभेत सांगते. तुझं सांगू का?"

"मी जत्रंला येतोयच की."

"जत्रंला पावणं बी येत्यात, गड्या," म्हणून आक्का हसल्या.

मी फोन ठेवला. इथं मदुराईत आज दिवसभरात मराठी बोललो ते तेवढंच. संध्याकाळी दुकानामागं थोडे जोर मारले, पण समोर जोडीदार नसला की लय कंटाळा येतो.

पुढच्या सभेआधी आक्कांना एक नाव द्यायचं हाय. खरं सांगा, आपल्यातलं कोण कायमचं गावाकडं जाणार हाय? माझं नाव मी अजून दिलं न्हाई.