तिसरा गिअर सुटायचा तेव्हा

रॅलीहून गाडी परत आली ती तक्रार घेऊनच. उडीनंतर गाडी खाली आदळली की तिसरा गिअर आपोआप सुटतो, असं ड्रायव्हरचं म्हणणं. गिअरबॉक्स मी आणि माझ्या यजमानांनीच बांधला होता, पापनाशम रस्त्यावरच्या आमच्या शेडमध्ये. उघडला, तर तिसऱ्या गिअरच्या दातांच्या कडा झिजून गोल झालेल्या.

"हा पोरगा गिअरचा दांडा अर्धवट ओढतो आणि वर खोटं बोलतो," यजमान मराठीत म्हणाले. गिऱ्हाईक तमिळ असलं की आमचे संशय मराठीतच चालतात.

ड्रायव्हर हसला नाही. "अक्का, तुम्ही दोघं तुमच्या भाषेत शिरलात की मला कळतं, माझ्यावरच आलंय."

माझा संशय मात्र दुसरीकडेच होता. गिअर सरकवणारा फोर्क रॅलीआधी बदलायचा होता. ते काम यजमानांचं. बदलला म्हणाले होते, पण मी पाहिला नव्हता. आणि समोरचा फोर्क तर चांगलाच झिजलेला. एका रॅलीत एवढा? ते जेवायला गेल्यावर मी भंगाराचं पिंप उपसलं. जुना फोर्क तळाशी होता, माझ्याच हातची खूण असलेला. म्हणजे त्यांनी खरंच बदलला होता.

"काय शोधतेस?" ते दारातच उभे होते.

"वॉशर."

"भंगारात?"

मी पिंपावर झाकण टाकलं.

नवे भाग घालून गाडी ओरत्तनाडूपलीकडच्या कालव्याकाठच्या मातीच्या रस्त्यावर नेली. मी ड्रायव्हरशेजारी बसले, नजर त्याच्या हातावर. दांडा त्यानं पूर्ण ओढला, हात स्टिअरिंगवर नेला. गाडी उंचवट्यावरून उडाली, आदळली आणि दांडा आपला आपणच गिअरमधून सुटला.

यजमान मोटारसायकलवरून मागोमाग आले होते. त्यांनी बॉनेट उघडून पहारीनं इंजिन जरासं उचललं. ते ज्या रबरी माउंटिंगवर बसतं, त्यातली चीर उघडी पडली. गाडी आदळली की सगळं इंजिनच कलायचं आणि दांड्याला ओढून न्यायचं; दात आणि नवा फोर्कही त्यानंच झिजले होते.

"आता मराठीत काय म्हणताय?" ड्रायव्हरनं विचारलं.

"चूक झाली, तंबी," यजमान तमिळमध्ये म्हणाले; तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

घरी हात धुताना त्यांनी विचारलं, "फोर्कच शोधत होतीस ना?"

"हो."

"मिळाला?"

"मिळाला."

माउंटिंग बदललं, तिसरा गिअर पुन्हा सुटला नाही. हल्ली फोर्क बसवताना ते मला हाक मारतात, "ये, बघून घे." प्रेमानं बोलावतात की टोमणा मारतात, मला अजून ओळखता येत नाही.