भडंगचा डोळा आणि आबांची बाटली

डॉक्टरांनी भडंगच्या डाव्या डोळ्याला केशरी कागदाची बारीक पट्टी टेकवली, खोलीतला दिवा घालवला आणि निळ्या उजेडाची बॅटरी मारली. डोळ्यात हिरवागार ठिपका चमकला. मी खुळी, मला वाटलं काय सुंदर दिसतंय! डॉक्टर म्हणाल्या, "जेवढं हिरवं दिसतंय तेवढी जखम आहे. कॉर्नियल अल्सर."

कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या पुढच्या बाजूचा, काचेसारखा आरपार दिसणारा पडदा. अल्सर म्हणजे त्याला पडलेला व्रण. हे मला तेव्हाच कळलं. तोवर कुत्र्याला डोळ्याचा डॉक्टर लागतो हेच माझ्या गावी नव्हतं.

भडंग आमचा कुत्रा. चार वर्षांचा, गावठी, गुळासारख्या रंगाचा. पिल्लू असताना त्यानं लसणाच्या भडंगाची अख्खी पिशवी शिंकत शिंकत एकट्यानं फस्त केली, तेव्हापासून हेच नाव. आम्ही कळंब्याच्या पुढं राहतो. घराच्या मागं ऊस आहे. मुंगसाच्या मागं हा त्या उसात शिरला आणि बाहेर आला तो एक डोळा मिटूनच. उसाच्या पाल्याला किती धार असते ते ज्यानं हात कापून घेतलाय त्यालाच विचारा.

मी काय केलं? काहीच नाही. कचरा गेला असेल, निघेल आपोआप, म्हणून दोन दिवस घालवले. तुमच्या कुत्र्यानं डोळा मिटून घेतला, डोळ्यातून पाणी येत असलं, तो पंजानं चोळत असला, तर माझ्यासारखं शहाणपण करू नका. त्याच दिवशी उचला आणि न्या.

"घरी काही घातलंत का डोळ्यात?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! काहीच नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

त्यांनी अँटिबायोटिकचे थेंब दिले, दुखणं कमी व्हायला दुसरे थेंब दिले आणि गळ्यात घालायला प्लास्टिकचा मोठा नरसाळ्यासारखा पट्टा दिला. तो घालून भडंग दाराच्या चौकटीत अडकायचा आणि आमच्याकडं असा बघायचा की चौकट आम्हीच मुद्दाम लहान केलीय. साधा व्रण आठवड्याभरात भरतो, तिसऱ्या दिवशी दाखवायला आणा, असं त्या म्हणाल्या.

आता आबांबद्दल सांगते. आबा म्हणजे माझे सासरे. एसटीत कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार ते माईकवरून सांगायचे. रिटायर झाले, पण आवाज रिटायर झालेला नाही. आमचे हे नोकरीला पुण्यात, शनिवारी येतात. मी शाळेत शिकवायला जाते. त्यामुळं दिवसभर घरी आबा आणि भडंग दोघंच. भडंग माझं ऐकत नाही, यांचं तर नाहीच नाही. आबांनी नुसतं "ए!" म्हटलं की खाली बसतो.

तिसऱ्या दिवशी आबाही सोबत आले, कारण त्यांच्याशिवाय हा टेबलावर उभा राहीना. डॉक्टरांनी डोळा बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पडद्यावर पांढुरका, जेलीसारखा भाग दिसत होता. "हा मेल्टिंग अल्सर व्हायला लागलाय," त्या म्हणाल्या. म्हणजे पडदा विरघळायला लागलाय. असाच विरघळत गेला तर भोक पडतं, आणि मग डोळा काढावा लागतो.

"तीन दिवसांत इतकं बिघडायला नको होतं. खरं सांगा, दुसरं काही घालताय का?"

मी नाही म्हणणार, एवढ्यात शेजारून आवाज आला.

"मी घालतोय की."

आबांनी पैरणीच्या खिशातून एक इवलीशी बाटली काढून टेबलावर ठेवली. वर अगदी अभिमानानं म्हणाले, "भारी औषध हाय बघा. माझं मोतीबिंदूचं आपरेशन झालं तवा दिलतं. मला ह्येनंच दिसाय लागलं. तुमच्या औषधाला आठवडा लागंल असं ही म्हणाली, त्ये जरा सावकाश वाटलं, म्हणून हिच्या माघारी दिवसातनं चारदा घालतोय. पहिल्या दिवसापास्नं."

डॉक्टरांनी बाटली वाचली. मग शांतपणे म्हणाल्या, "आबा, यात स्टेरॉईड आहे."

स्टेरॉईड सूज उतरवतं. ऑपरेशननंतर ते हवंच असतं. पण पडद्यावर व्रण असताना घातलं तर जखम भरू देत नाही आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. शिवाय ती बाटली उघडून सहा महिने झालेले. उघडलेले थेंब महिन्याभरात टाकून द्यायचे असतात. आमच्या फ्रीजच्या दारात ते अंड्यांच्या शेजारी सुखानं नांदत होते. तुमच्याही नांदत असतील. वाचून झाल्यावर आधी उठा आणि बघा.

मला असा संताप आला म्हणता! पण सासऱ्यांवर ओरडायचं कसं? आणि आबांच्या तोंडाकडं बघितल्यावर ओरडायचं बळही राहिलं नाही. माणूस एकदम आकसून खुर्चीएवढा झाला होता.

"बाई," ते म्हणाले, "त्येचा डोळा गेला तर माझा काढून लावा."

"तुमचा मोतीबिंदूवाला आहे, चालायचा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्यापेक्षा मला तुमचा वेळ द्या. दिवसभर दर दोन तासांनी थेंब घालायचेत. जमेल?"

त्यांनी भडंगचंच रक्त काढलं, यंत्रात गरगर फिरवलं आणि वर आलेलं पिवळसर पाणी बाटलीत भरून दिलं. याला सीरम म्हणतात. पडदा विरघळणं थांबवायची ताकद त्यात असते. म्हणजे औषध कुत्र्याच्याच अंगात होतं! आता फ्रीजमध्ये तांबड्या रश्श्याच्या पातेल्याशेजारी भडंगच्या रक्ताचं पाणी. मी त्यावर लाल अक्षरात "खायचं नाही" असं लिहून ठेवलं. यांनी शनिवारी ते वाचलं आणि रस्साही घेतला नाही.

औषधं तीन. दोन औषधांमध्ये दहा मिनिटांचं अंतर हवंच, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. मला या गणिताचा धसका बसला होता. आबांना कसला धसका! त्यांनी कॅलेंडरच्या मागं वेळापत्रक आखलं. एका फलाटावर दोन गाड्या लावायच्या नाहीत, हे त्यांनी जन्मभर सांभाळलेलं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीला ऐकू जायला लागलं, "दहाची अँटिबायोटिक लागलेली हाय. सीरम धा मिनिटं उशिरानं सुटंल. भडंगरावांनी आपल्या जाग्यावर बसून घ्यावं!"

शेजारच्या काकू मध घाला म्हणून सांगायला आल्या. समोरचे काका धारोष्ण दूध घाला म्हणाले. एरवी अशा चर्चेत पहिला हात आबांचा. पण ते दारातूनच सगळ्यांना वाटेला लावायचे. "डाक्तर न्हवं तुमी. जावा."

पहिले चार दिवस काहीच फरक नव्हता. आबा नीट जेवत नव्हते. पाचव्या दिवशी जेलीसारखा भाग आटला. आठवड्यानं डोळ्यात लाल रेषा दिसायला लागल्या आणि मी रिक्षा करून धावतच गेले. डॉक्टर हसल्या. "या रक्तवाहिन्या आहेत. जखम भरायला आल्यात. येऊ द्यात." हे लक्षात ठेवा, म्हणजे तुमचं रिक्षात रडणं वाचेल.

पाचव्या आठवड्यात निळ्या उजेडात हिरवं काही दिसलं नाही. व्रण भरला होता. मागं तांदळाएवढा पांढरा डाग राहिला. पण दिसतंय की नाही? डॉक्टरांनी त्याचा चांगला डोळा हातानं झाकला आणि समोरून कापसाचा बोळा खाली सोडला. भडंग ढिम्म. आबांनी टेबलाची कड घट्ट धरली. दुसरा बोळा सोडला. भडंगनं मान झटकली आणि तो वरच्या वर तोंडात पकडला. कापूस काढून घेताना डॉक्टरांचं बोट चावता चावता राहिलं. मी रडत होते आणि हसतही होते. आबा भिंतीकडं तोंड करून उभे होते.

त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी डोळा वाचवला म्हणून, आणि त्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला हिणवण्याऐवजी कामाला लावलं म्हणूनही.

मी आत पुढची औषधं समजून घेत होते, तेव्हा आबा भडंगला घेऊन बाहेर बसले. बाकावर एक गृहस्थ मांडीवर मांजर घेऊन बसले होते. मांजराचा डोळा मिटलेला. आबांचा आवाज दाराआडूनही स्वच्छ ऐकू आला.

"पावणं, घरी काय घातलंया काय डोळ्यात?"

ते गृहस्थ काहीतरी पुटपुटले.

"मग आत गेल्या गेल्या त्येच सांगा. लाजू नका. मी तीन दिस न्हाय सांगितलं. ह्येचा डोळा जाता जाता ऱ्हायला."