रताळ्याचं पाणी

सोमवारी सकाळी मी पालीला लेकीकडे जायला निघाले, तेव्हा माझा धाकटा भाऊ अंत्या ओटीवर बसून पाणी पीत होता. दुसरा तांब्या होता तो. मी म्हटलं, "किती पितोस रे, समुद्र आटवशील." तो म्हणाला, "उपासाचा घसा हाय, सुकतो. तू जा गो आक्का, मोटार चुकेल." आमचं एवढंच शेवटचं बोलणं. बुधवारी दुपारी त्याचा मुलगा वसंता लेकीच्या दारात भिजून उभा राहिला. "आत्या, बाबा सकाळपासून उठत नाहीत. हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत." मला वाटलं, पडला असेल. घरी पोचले तर अंत्या अंथरुणावर होता आणि लांब वल्ही मारल्यासारखा श्वास ओढत होता. खोलीत पिकलेल्या आंब्याचा वास येत होता. श्रावणात आंबा कुठला? मी खाटेखाली वाकून बघितलं, फडताळात बघितलं. मग त्याच्या तोंडाशी वाकले. वास तिथून येत होता... सहा वर्षं आंब्याला न शिवलेल्या माणसाच्या तोंडून. दिवेलागणीच्या आधी तो गेला.

डॉक्टर सकाळीच येऊन बघून गेले होते. "मधुमेहानं गेले, तोंडाचा तो वासही त्याचाच," असं त्यांनी नंतर सांगितलं. मी त्यांना तोंडावर म्हटलं, हे शक्य नाही, माझा भाऊ महिनाभर उपास करत होता. पाच आठवडे झाले त्याला जाऊन. अजून मला ते खरं वाटत नाही, आणि खरं आहे हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसले. चार इयत्ता शिकले आहे, जमेल तसं लिहिते.

अंत्या तांडेल होता. रत्नागिरीहून मुंबईला कौलं आणि सुपारी नेणारी शिडाची फत्तेमारी त्याने पंचवीस वर्षं हाकली. मी विधवा झाल्यावर माहेरी आले, पुढे त्याची बायको गेली, तेव्हापासून चूल माझ्याकडे. सहा वर्षांपूर्वी परसात तो जिथे लघवीला बसायचा तिथे मुंग्यांची रांग लागलेली मीच बघितली आणि मीच त्याला दवाखान्यात धाडला. बरोबर गेलेही. डॉक्टर म्हणाले, भात बंद, साखर-गूळ बंद, आंबा-फणस बंद. नाचणीची अर्धी भाकरी, पालेभाजी, आणि मासे खा, पोटभर खा. अंत्या म्हणाला, "मासे खा हे सांगायला डॉक्टर कशाला लागतो? पण साहेब, भात नाही तर कालवण ओतू कशावर? आक्काच्या डोक्यावर?" डॉक्टर हसले नाहीत. "वाटीत घेऊन प्या," म्हणाले.

तो वाटीत घेऊन पिऊ लागला. कुरकूर पहिला महिनाभर केली, मग समुद्रावरचा हुकूम असावा तसं पाळलं. मी बांगडा तिरफळं घालून करायची, सौंदाळे आमसुलात नुसते उकडायची. तळताना तांदळाच्या पिठीत घोळवणं बंद केलं. तवा मासा धरायचा, निम्मा मासा तव्यालाच राहायचा. यजमान गेल्यापासून मी स्वतः मासे खात नाही, त्यामुळे मीठ बघायला तोच. "आज समुद्रच ओतलास," असं म्हणत वाटी रिकामी करायचा. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून वैशाखातच बोंबील आणि सुकट डबे भरून ठेवायची. श्रावणातही बोंबील भाजले जायचे. शेजारची काशीवहिनी कुंपणाशी येऊन म्हणाली, "अंतूभावजी, श्रावणात वास आमच्या देवापर्यंत येतो." हा आतून म्हणाला, "देवाला सांगा, औषध चाललंय." दोघं मग हसली. पण वहिनीने त्या महिन्यात आमच्याकडे पाणी घेतलं नाही.

डॉक्टरांनी त्याला एक काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली दिली होती. नळीत थोडं निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि उकळायचं; साखर असली की रंग पालटतो. निळंच राहिलं तर बरं, हिरवं झालं तर सांभाळा, विटकरी झालं तर धावत या. दर रविवारी परसदारी हा कार्यक्रम. पहिल्या वर्षी विटकरी, मग हिरवं, आणि दुसऱ्या वर्षापासून बहुतेक निळं. निळं राहिलं की तो नळी उजेडात धरून मला हाक मारायचा, "आक्का, बघ, भर समुद्राचं पाणी." मी म्हणायची, कशाचं पाणी आहे ते मला ठाऊक आहे, लांब धर.

या वर्षी ज्येष्ठात वसंताची फत्तेमारी मुंबईहून सुटली आणि सहा दिवस तिचा पत्ता नव्हता. मालगुंडच्या बाजूला फळ्या वाहून आल्या असं कोणी सांगितलं. अंत्या बंदरावर उभा असायचा, जेवायला यायचा नाही. सहाव्या दिवशी त्याने समुद्रात उभं राहून नवस केला, की पोरगा आला तर सगळा श्रावण मासा शिवणार नाही, धान्य शिवणार नाही, फराळावर राहीन. सातव्या दिवशी वसंता आला. शीड फाटलं म्हणून एका खाडीत शिरून थांबला होता. फळ्या दुसऱ्याच कोणाच्या.

आता पुढचं नीट लिहिते, कारण ते माझं आहे. नवस ऐकून मला बरं वाटलं. डॉक्टर सहा वर्षं सांगत होते धान्य कमी खा, आणि हा तर महिनाभर उपास करणार. भात नाही, भाकरीसुद्धा नाही. याहून पथ्य ते कुठलं? एकदा त्यानेच विचारलं, "डॉक्टरला सांगूया काय गो?" मी म्हटलं, उपास करायला डॉक्टरची परवानगी कसली मागतोस. मग मी त्याला साबुदाण्याची खिचडी केली, वऱ्याचे तांदूळ केले, केळी दिली. परसात रताळी लावलेली होती, ती रोज संध्याकाळी उकडून दुधात कुस्करून दिली. गूळ मात्र घातला नाही. तेवढी अक्कल मला होती. आणि नळी, दिवा, बाटली हे सगळं मीच फडकं बांधून माळ्यावर ठेवलं. व्रताच्या महिन्यात लघवी उकळायची नाही, असं सांगितलं. तो "बरं" म्हणाला.

दोन आठवड्यांत त्याचं पोट उतरलं. मी खूश. "बघ, उपासाने कसा हलका झालास," म्हटलं. रात्री चारचारदा उठायचा. पाणी पितो म्हणून उठतो, असं धरून चालले. नारळी पौर्णिमेला नारळ सोडायला बंदरावर गेला नाही. जन्मात पहिल्यांदा. पाय दुखतात म्हणाला. "तांडेल म्हातारा झाला," मी म्हटलं आणि त्याच्यापुढे रताळ्याची वाटी ठेवली.

त्याचं दिवसकार्य झाल्यावर मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, "उपासाला काय खात होते?" मी एकेक सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, याच्यापेक्षा त्यांनी भात खाल्ला असता तर मासे तरी पोटात गेले असते." मी म्हटलं, साखरेवरची सुई का नाही टोचलीत? ते म्हणाले, ती मुंबईहून बर्फात मागवावी लागते, पावसात आगबोटी बंद, आणि मला कळलं त्या सकाळी. त्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते.

तरी माझं मन घेईना. उपासाचं खाऊन माणूस मरतो? घरी येऊन मी माळ्यावरून ते फडकं उतरवलं. बाटलीत निळं औषध अर्ध्याहून जास्त होतं. एका पातेलीत बोंबील उकडला, दुसरीत रताळं. वसंता म्हणाला, "आत्या, हे काय करतेस?" मी म्हटलं, दिवा लाव. आधी बोंबलाच्या पाण्याचे आठ थेंब घातले. उकळलं. निळंच. नळी धुतली, पुन्हा निळं औषध घेतलं, रताळ्याच्या पाण्याचे आठ थेंब. कड यायच्या आत हिरवं झालं, मग पिवळं, मग... आमच्या अंगणातल्या जांभ्या दगडाचा रंग असतो ना, तसं. वसंता बघत होता. त्याच्याचसाठी नवस होता, हे त्याला ठाऊक आहे. तो दिवा विझवून बाहेर गेला आणि परसातली सगळी रताळी उपटून कुंपणाबाहेर टाकली. पाऊस होता, मुळं नीट निघत नव्हती, तरी हाताने उकरत राहिला.

आता तो समुद्रावर आहे. जाताना म्हणाला, "आत्या, ती नळी टाकून दे." मी टाकली नाही, धुतलीही नाही. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी उभी करून ठेवली आहे. तळाशी विटकरी गाळ बसलाय, वर पाणी निवळलंय. मीठ घेताना हात तिथेच जातो. आणि मीठ बरोबर पडलं की नाही, ते सांगायला आता कोणी नाही.