परक्या मेंढरांची हाळी

प्रतिभा रविवारी सकाळीच न्हावऱ्याला घरी आली, पण आल्यापासून एका जागी बसली म्हणून नव्हती. ओसरीवरून अंगणात, अंगणातून गोठ्यात, आणि दर दोन पावलांना फोनकडे नजर. तिची आई गिताबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "आगं, पायाला भिंगरी बांधलीया का तुझ्या? येत्याल की आप्पा, मेंढरं पाणी पाजून."

प्रतिभा खराडीच्या एका स्टुडिओत गेम बनवायची. टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र विकणाऱ्या एका परदेशी कंपनीनं तो स्टुडिओ पाच वर्षांपूर्वी विकत घेतला होता. "आमचा लाडका स्टुडिओ," असं तिथले साहेब दर भाषणात म्हणायचे. लाडका झाला तो एका मेंढपाळाच्या गेममुळे. कळप डोंगरापलीकडं न्यायचा, एवढाच खेळ. पण लोकांना त्याचं वेड लागलं. आणि आता कंपनीनं स्टुडिओ आपल्यापासून वेगळा करून सोडला होता. भांडण नाही, तंटा नाही. माणसं मोकळी, गेम मात्र कंपनीचा. उद्या दहा वाजता शेवटचे कागद द्यायचे होते. पस्तीस जणांचं सुटणं त्यावर अडलं होतं, आणि त्यातला एक कागद अपुरा होता तो प्रतिभामुळे.

गेममधला मेंढपाळ मेंढरांना बोलवायला जी हाळी घालतो ती तिच्या वडिलांची, म्हस्कूआप्पांची. माळावर त्यांच्या शेजारी उभं राहून तिनं ती फोनवर घेतली होती. बाकी ज्यांचे ज्यांचे आवाज गेममध्ये होते, त्या सगळ्यांच्या सह्या होत्या. आप्पांची नव्हती. बापाची सही कोण घेतं? त्यांच्या भावकीत मेंढरं वर्ष वर्ष दुसऱ्याच्या कळपात राहायची, ती नुसत्या शब्दावर.

आप्पा आले, हातपाय धुऊन टेकले. तिनं कागद पुढं केला, सगळं सांगितलं.

"म्हंजी तुम्ही येगळं झाला," आप्पा म्हणाले. "आन् माझी हाळी ऱ्हाणार त्येंच्याकडं?"

"व्हय."

"तू असणार का तिथं?"

"न्हाई, आप्पा."

"मग न्हाई." त्यांनी कागद परत तिच्या हातात दिला. "आमच्या म्हाताऱ्यानं सगळा कळप इकला, पर घेणाऱ्याला हाळी न्हाई शिकवली. त्यो म्हणला, तुझी तू घाल. तुझ्या हापिसाचं काम म्हणून दिली व्हती म्या. त्येंचं माझं काय?"

तेवढ्यात फोन वाजला. स्टुडिओचे सत्यजीत सर होते. "प्रतिभा, सही नसेल मिळत तर आवाज काढून टाक. पण तिथं दुसरा कुठलातरी लागेल. जागा रिकामी ठेवून चालणार नाही."

तिनं फोन ठेवला तशी गिताबाई हळूच म्हणाली, "आण इकडं. रेशनला त्येंची सही मीच करती की."

"कर, कर," आप्पा तिकडून ओरडले. "उद्या माझ्या नावानं दाढीबी करशील!"

गिताबाई पदर तोंडाला लावून हसली. प्रतिभाला हसू आलं नाही. क्षणभर कागद आईकडं द्यावासा वाटलाच तिला. मग समोर देव्हाऱ्यात भंडारा ल्यालेला बिरोबा दिसला, आणि तिनं कागदाची घडी घातली. पुन्हा अंगणात गेली, पुन्हा आत आली. पस्तीस माणसं. काय सांगायचं त्यांना?

तिची ती येरझार आप्पांना बघवेना. "बस खाली," ते म्हणाले. "दुसरी देतो. बाजारात परकी मेंढरं हाकताना घालतो ती. ती कुणीबी घ्यावी. तिच्यावर सही करतो."

त्यांनी उभं राहून हाळी घातली. मोठी, खणखणीत, पण कोरडी. गोठ्यातल्या मेंढरांतलं एकही हललं नाही. आप्पांनी कागदावर सावकाश नाव लिहिलं.

प्रतिभानं लॅपटॉपवर जुनी हाळी काढून नवी बसवली आणि खेळ चालू केला. आप्पा मागं येऊन उभे राहिले. पडद्यावरच्या मेंढपाळानं बाजारातली हाळी घातली, आणि चाळीसच्या चाळीस मेंढरं माना वर करून पळत आली. अगदी पहिल्यासारखी.

"यकबी थबकलं न्हाई?" आप्पांनी विचारलं.

"त्येंना कळत न्हाई, आप्पा. म्याच केल्याती तशी."

"मग आधीच ही घेयाची व्हतीस," म्हणून ते गोठ्याकडं गेले.

त्या माना वळवायला तिनं चार महिने घालवले होते. आप्पांच्या कळपामागं हिंडून कोण कुठल्या बाजूनं बघतं, कुणाचे कान आधी उभे राहतात, सगळं टिपलं होतं. पण परकी हाळी ऐकली की मेंढरानं थांबायचं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते बसवणं दोन दिवसांचं काम होतं. पण उद्या दहानंतर त्या मेंढरांना हात लावायचा तिला हक्क उरणार नव्हता.

तिनं खेळ पुन्हा चालू केला. मेंढरं पुन्हा पळत आली. तिसऱ्यांदाही आली. सत्यजीत सरांचा निरोप आला, "झालं का?" तिनं फाईल आणि सहीचा फोटो पाठवून दिला, आणि जेवायला हाक आली तरी ती पुन्हा अंगणातच फेऱ्या घालत होती.